किड्यांइतकी काळजी

त्या दिवशी सकाळी शेजारच्या घरात भांडण पेटलं ते साबणाच्या वडीवरून. मी मधल्या बुटक्या भिंतीअलीकडे भांडी घासत होते, आणि ऐकू येत असताना कान मिटून बसायची सवय मला नाही.

"शेडच्या दारातला साबण कुणी उचलला?" हा सासूचा आवाज.

"मी घेतला, आई," सून म्हणाली. "बाळाचे लंगोट धुवायला. घरातला केव्हाचा संपलाय, सांगून सांगून थकले."

"अगं, त्या साबणाला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? बिनवासाचा आहे तो. शेडचा आहे."

"बाळालाही बिनवासाचाच लागतो."

"साबणावाचून बाळाचं काही अडत नाही! तिकडे एक किडा नासला तर अख्खी मांडणी जाईल. आण इकडे तो."

सुनेनं ओला साबण आणून दिला. सासूनं तो उलटासुलटा करून पाहिला, पाण्याखाली धुतला आणि पुन्हा शेडच्या दारात ठेवला. साबण धुतलेला मी तरी जन्मात पहिल्यांदाच पाहिला.

तुम्हाला वाटेल, बाई वेडी आहे. वेडी नव्हती. त्या घरात रेशमाचे किडे पाळतात. पुढे तुतीचं रान, मागे पत्र्याची लांबच लांब शेड, शेडमध्ये बांबूच्या मांडण्या आणि मांडण्यांवर पाल्यात लोळणारे पांढरे किडे. मी त्यांच्याकडे पाला तोडायला जाते, म्हणून मला सगळं ठाऊक. हे किडे फार नाजूक असतात. तेलाचा वास सहन होत नाही, तंबाखूचा सहन होत नाही, धूर तर अजिबात नाही. आत शिरायचं तर आधी पाय चुन्याच्या पाण्यात बुडवायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, डोकं बांधायचं, आतल्या वेगळ्या चपला घालायच्या. थंडीत आत हीटर लावलेला असतो. भिंतीवर तापमापी टांगलेली, आणि घरातला माणूस सकाळी उठून देवाकडे बघायच्या आधी तिच्याकडे बघतो.

आणि सासूला सगळं गाव म्हणतं नाकवाली. मांडणीपाशी उभी राहून ती नुसता श्वास घेते आणि सांगते, या कोपऱ्यात एक बिघडलाय. मग पाला बाजूला करून बघावं तर खरंच एक किडा पिवळा पडून फुगलेला निघतो. तो चिमट्यानं उचलून चुन्याच्या भांड्यात टाकायचा, आणि बाकीच्यांवर पातळ फडक्यातून पांढरी पावडर भुरभुरायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिच्या एका नाकावर ते घर उभं आहे म्हटलं तरी चालेल.

सून बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली तेव्हा शेडमध्ये किडे मोठे व्हायला लागले होते. घराची आतली खोली शेडला अगदी चिकटून. तिथं बाळंतीण ठेवायची म्हणजे तेल आलं, शेगडी आली, आंबलेल्या दुधाचा वास आला. तेव्हा नवऱ्यानं सांगून टाकलं, "बॅच निघेपर्यंत ती पानांच्या खोलीत राहील."

पानांची खोली अंगणाच्या पार पलीकडच्या कडेला. तोडलेला पाला सुकू नये म्हणून तिथं ठेवतात आणि वर ओली गोणपाटं टाकतात. भिंतींना ओल, जमिनीला ओल, खिडकी म्हणजे नुसतं भोक. पाला ताजा राहायला याच्यासारखी खोली नाही. त्यात एका कोपऱ्यात खाट टाकली आणि मायलेकींना तिथं ढकललं.

मी नाकवालीला म्हटलं, "अगं, कुत्रीलासुद्धा पिलं घालायला कोरडी जागा लागते."

"थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "आम्ही काय महालात बाळंत झालो?"

मुलगा झाला असता तर पानांच्या खोलीत ठेवला असता का, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, मग तोंड कशाला शिणवायचं.

सून मात्र हुशार. दवाखान्यातल्या नर्सनं जे जे सांगितलं ते तिनं मनात घट्ट बांधून आणलं होतं. बाळाला घेण्याआधी हात धुवायचे. मानेच्या वळीत दूध साचतं ते ओल्या फडक्यानं टिपायचं. मुलीला पुसताना पुढून मागे पुसायचं, उलट कधी नाही. लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा. बेंबी उघडी ठेवायची, कोरडी ठेवायची, आपोआप गळून पडते, तिला काही म्हणजे काही लावायचं नाही. मला ती हे सगळं पाठ म्हणून दाखवायची आणि हसायची.

"मावशी, तुमच्या वेळी होतं का हो असलं?"

"आमच्या वेळी पोरं आपली आपणच वाढायची," मी म्हणायचे, "आणि जी वाढायची नाहीत त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही."

पण नुसतं माहीत असून काय करता? त्या दिवसांत आभाळ कायम भरलेलं, ऊन नावाला नाही, हवेत गार ओल. धुतलेले लंगोट दोरीवर लोंबत राहायचे आणि संध्याकाळी सकाळइतकेच ओले निघायचे. सुनेनं विचारलं, हीटरजवळ एक दोरी बांधू का? नवऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं शेडला काडी लावू का म्हणून विचारलं. मग तिनं अंगणात तीन विटा मांडून जाळ केला. एकीकडे बाळाचं पाणी तापेल, एकीकडे कपडे वाळतील. धुराची एक रेघ शेडच्या बाजूला वळली मात्र, हा धावत आला आणि तापत आलेलं पाणी भांड्यासकट जाळावर उपडं करून मोकळा झाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो ओरडला. "धुरानं किडे खायचं सोडतात!"

"आणि बाळाच्या अंघोळीचं काय?"

"शेडचं काम झालं की उरतं ना गरम पाणी. ते घे."

शेडचं काम झाल्यावर उरलेलं पाणी कोमट म्हणायलाही लाज वाटावी असं असायचं. त्यातच ती बिचारी पोरीला पुसून काढायची. आणि लंगोटांचं तिनं काय करावं? ओले लंगोट घट्ट पिळून ती स्वतःच्या पोटाला गुंडाळायची, वरून कपडे घालायची आणि अंगाच्या उबेनं वाळवायची. एकदा मी तिला कुशीत घेतलं तेव्हा हाताला गार लागलं म्हणून मला कळलं. ओली बाळंतीण, अशा थंडीत! मी माझ्या चुलीवर वाळवून द्यायला लागले तेव्हापासून जरा बरं झालं, पण माझी चूल ती केवढी आणि पोर लंगोट भिजवणार किती वेळा.

अर्धे सुकलेले लंगोट बेंबीला लागायचे ते लागलेच.

नाकवाली रोज एकदा नातीला बघायला यायची. नाही म्हणू नका, यायची. शेडमधलं आटोपलं की तशीच उठून यायची आणि पोरीच्या गालाला हात लावायची.

"आई, हात धुतले का?" सुनेनं एकदा विचारलं.

"म्हणजे? मी काय उकिरडा उपसून आले?"

"तसं नाही. पण आत्ता तुम्ही मेलेले किडे निवडत होता ना?"

"शेडमध्ये जाताना हात धुवायचे असतात," नाकवाली ठसक्यात म्हणाली. "बाहेर आल्यावर कशाला? बाहेर काय नासणार आहे?"

नाकवालीचा राग नाकावरच असतो, तेव्हा ती तोंड फुगवून निघून गेली आणि नंतर दाराशी उभी राहूनच पोरीची चौकशी करायला लागली. तिथून कुणाला कसला वास येणार?

वास आधी आला तो आईला. एका सकाळी तिनं मला हाक मारली. "मावशी, जरा बघा हो." मी वाकून बघितलं. बेंबीच्या देठापाशी ओलं होतं, पिवळट चिकट काहीतरी, आणि भोवतीची कातडी लाल. पोर दूध ओढायला तयार नव्हती. दोन घोट घेतले की मान टाकायची. अंग तापलेलं. रडणंही असं बारीक, की खाटेपाशी वाकल्याशिवाय ऐकू येऊ नये.

"दवाखाना," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

सुनेनं नवऱ्याला गाठलं. तो टेम्पोपाशी उभा होता. त्या टेम्पोतून रानातला पाला यायचा. गावात दुसरी गाडी वेळेवर मिळेल म्हणायची सोय नाही.

"बाळाला ताप आहे. बेंबी पिकलीय. दवाखान्यात न्यायला हवं."

"आज?" तो म्हणाला. "अगं, किडे शेवटच्या खाण्यावर आलेत. पाला कुरतडल्याचा आवाज ऐक त्यांचा. एक वेळ पाला चुकला तर कोष पातळ होतात. उद्या बघू."

"उद्यापर्यंत तिला काही झालं तर?"

"बेंबी सगळ्यांचीच ओली असते सुरुवातीला. आई, असते की नाही?"

नाकवाली शेडच्या दारात पाय बुडवत होती. ती म्हणाली, "असते थोडीफार."

तेव्हा सुनेचा बांध फुटला. एवढ्या दिवसांत तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता.

"तुम्हाला तिथं हजारांत एक किडा बिघडला तर दारातून कळतं, आई. तुमची नात सडायला लागली तरी कळत नाही? किड्यांना हात लावायच्या आधी कोपरापर्यंत धुता. किड्यांना ऊब, किड्यांना कोरडं अंथरूण, किड्यांना औषध. जास्त काही मागत नाही मी. त्या किड्यांइतकी काळजी माझ्या लेकीची घ्या. तेवढीच घ्या, पुष्कळ झालं."

नाकवालीचे पाय चुन्याच्या पाण्यातच राहिले. चेहरा मात्र कुणीतरी चारचौघांत थोबाडीत दिल्यासारखा झाला.

नवऱ्यानं लगेच तोड काढली. अशा वेळी त्याला तोडी बऱ्या सुचतात. "हे बघ, तोडणीला बायका कमी आहेत आज. तू आणि मावशी लागा. पाला लवकर आला, मांडण्यांवर पडला, की टेम्पो मोकळा. मग तुला नेतो दवाखान्यात. तोवर आई बसेल बाळाजवळ."

म्हणजे बघा! आजारी पोरीला दवाखान्यात न्यायचं तर बाळंतिणीनं आधी किड्यांचं पोट भरायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनेनं माझा हात दाबला. "चला मावशी," ती म्हणाली. "वाद घालण्यात वेळ जातो."

तिनं जसा पाला तोडला तसा कुणी तोडलेला मी पाहिला नाही. डोळ्यांतून पाणी चाललंय आणि बोटं सुरीसारखी चाललीत. मी मागे पडले. टेम्पो भरला तेव्हा ती पाल्यावरच चढून बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हाक."

अंगणात शिरलो तोच रडणं ऐकू आलं. सकाळचं ते बारीक रडणं नव्हतं. पोर किंचाळत होती. सून चालत्या टेम्पोतून उतरली.

पानांच्या खोलीत नाकवाली खाटेवर बसली होती. डोकं शेडमध्ये बांधते तसं बांधलेलं, हात कोपरापर्यंत धुतलेले, नखं स्वच्छ. शेजारी पातळ फडकं आणि डबा. पोरीचं पोट उघडं होतं आणि बेंबीवर, बेंबीच्या भोवती, पार जांघेपर्यंत पांढरी पावडर पसरलेली.

"आलीस?" नाकवाली घाबऱ्या आवाजात म्हणाली. "अगं, तू म्हणालीस ते मनाला लागलं माझ्या. हात धुतले चांगले. वास घेतला. खरंच बिघडलंय गं, पोरी, मला वास आला. मग आपली पावडर लावली. चांगली गाळून लावली. पण ही राहतच नाही. किडे तर गप्प राहतात."

त्या पावडरीत चुना असतो. कोरड्या किड्यावर पडला तर ओल शोषतो. ओल्या, लाल झालेल्या कातडीवर पडला तर काय करतो हे सांगायला नको.

सुनेनं फडक्यानं पावडर झटकली आणि मला म्हणाली, "पाणी! मावशी, गरम पाणी!" मी वळायच्या आत तीच धावली. गरम पाण्याचं भांडं शेडच्या दाराच्या आत. ती तशीच चिखलाच्या पायांनी उंबरा ओलांडून आत गेली.

"पाय!" आतून नवरा ओरडला. "अगं पाय बुडव आधी! पाय!"

इकडे पोर किंचाळतेय, आणि हा बाप "पाय, पाय" करतोय. माझ्या कानात तो आवाज अजून आहे. सुनेनं भांडं उचललं, त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि निघून आली. आम्ही पोरीवर कोमट पाणी ओतत राहिलो, ओतत राहिलो. पांढरं वाहून गेलं तेव्हा खालची कातडी दिसली. मी तोंड फिरवलं.

टेम्पोतला पाला उतरवायचा बाकी होता. ड्रायव्हर मालकाकडे बघायला लागला. सून म्हणाली, "तसाच चल." पाल्याच्या ढिगावर आम्ही तिघी आणि पोर असे बसून निघालो. नाकवालीला कुणी बोलावलं नव्हतं. तीच मागून चढली. डोक्याचं फडकं तसंच होतं.

नवरा टेम्पोमागे दोन पावलं आला. "पाला तरी उतरवून जा रे!" तो म्हणाला. मग त्यालाच काही वाटलं असावं, कारण तो मागून ओरडला, "मी येतो! खोलीत आहे तेवढा पाला घालून येतो!"

दवाखान्यात नर्सनं कपडा उघडला आणि तिचं तोंडच उतरलं. "काय लावलंत हिला?"

नाकवाली पुढे झाली. "मी लावलं. किड्यांची पावडर."

"कसल्या किड्यांची?"

"रेशमाच्या. आजार पसरू नये म्हणून लावतात."

नर्सनं तिला काय काय सुनावलं ते मी सांगत बसत नाही. नर्सबाईचं चुकलं नव्हतं, तिला रोज असलंच बघावं लागत असणार. कुणी राख लावतं, कुणी आणखी काय लावतं, आणि निस्तरायला हीच. डॉक्टर आले, सुई आली, बारीकशा हातात नळी आली. बेंबीतला आजार अंगात भिनायला लागला होता, ते सकाळपासूनचं. वरून हे भाजणं. डॉक्टर म्हणाले, आजार आधीचा आहे, तो जास्त वाईट. अजून एक दिवस थांबला असतात तर इथं यायचं कारणच उरलं नसतं.

नाकवाली बाहेरच्या बाकावर बसून ते ऐकत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ ती हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"किडा आजारी पडायच्या आधी मला कळतं," ती म्हणाली. "डोळ्यांना दिसायच्या आधी कळतं. आणि हिचं मला कळलं नाही. कळणार कसं? मी जवळच गेले नाही. हात धुतले का विचारलं म्हणून रुसून बसले. ज्या दिवशी धुतले, त्या दिवशी पोरीला भाजलं."

मला तिचा राग आला होता, भयंकर राग आला होता. पण तिच्या तोंडावर थुंकावं तर ते तोंडच असं झालं होतं, की माझा हात तिच्या पाठीवर गेला.

बाप दुसऱ्या दिवशी आला. आत डोकावला, पोरीच्या हाताची नळी बघितली, डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, पुसले. मग सुनेला म्हणाला, "किडे पिकलेत, अंग पिवळसर दिसायला लागलंय. कोष बांधायला जाळ्यांवर सोडायचे तर आईवाचून होणार नाही. तिला घेऊन जातो. मावशी आहेतच तुझ्याजवळ."

नाकवालीनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं भिंतीकडे पाहिलं. "जा तुम्ही," ती म्हणाली. नाकवाली उठली आणि मुलाच्या मागून गेली. जाताना पोरीच्या खाटेपर्यंत आली, हात पुढे केला, आणि न लावताच मागे घेतला.

पोर वाचली. चिवट निघाली. आधी दूध ओढायला लागली, मग मोठ्यानं रडायला लागली, आणि नर्स म्हणाली की आता हिला घेऊन जा, सगळा वॉर्ड उठवते. बेंबी सुकली. पोटावर मात्र चुरगळलेल्या कागदासारखी कातडी राहिली, ती जन्मभर राहील.

घरी परत आल्यावर सून पानांच्या खोलीकडे वळलीच नाही. सरळ घराच्या आतल्या खोलीत गेली आणि खाट टाकून बसली. किडे कोषात गेले होते, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. नाकवाली दोन्ही वेळा गरम पाणी आणून दाराशी ठेवायची. आत यायची नाही. पोर रडली तर बाहेर उभी राहून म्हणायची, "अगं, रडतेय ती." सून म्हणायची, "ऐकतेय मी." एवढंच दोघींचं बोलणं.

आणि गावात काय झालं असेल? आजीनं नातीला जाळलं. मुलगी झाली म्हणून मुद्दाम केलं, असंही दोघीतिघी म्हणाल्या. विहिरीवर, गिरणीत, जिथं चार बायका जमतील तिथं नाकवाली. पोरीच्या बापाचं नाव कुणी घेतलं नाही. त्यानं काय केलं होतं? त्यानं तर पोरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

कोष काढायचा दिवस आला. त्या दिवशी मात्र ऊन पडलं होतं, चांगलं खणखणीत. अंगणभर जाळ्या पसरलेल्या आणि आम्ही दहाबारा बायका कोष सोडवत बसलेलो. पीक असं आलं होतं की बघत राहावं, घट्ट, पांढरे, एकसारखे. घ्यायला आलेला व्यापारी हातात कोष घेऊन हलवून बघत होता आणि मान डोलवत होता. सुनेच्या नवऱ्याची छाती फुगलेली.

"घरात काही अडचण होती म्हणे मध्यंतरी?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"अहो, काय सांगायचं," हा हसत म्हणाला. "आमच्या आईनं पोरीला किड्यांची पावडर लावली. जुनी माणसं. दवाखान्यात न्यावी लागली. नशीब, वेळेवर नेली."

व्यापारीही हसला. एकदोन बायका हसल्या. नाकवाली तिथंच बसली होती. तिनं मान आणखी खाली घातली आणि कोष सोडवत राहिली.

सून बाळाच्या अंघोळीचं पाणी घेऊन बाहेर आली होती. तिनं ते ऐकलं. घमेलं तिनं उन्हात, बरोबर नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं.

"वेळेवर कोणी नेली?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय?"

"आईंनी हात लावला म्हणून त्या चुकल्या. त्यांचं चुकलं, मी विसरणार नाही. तुम्ही कधी हातच लावला नाहीत, म्हणून तुम्ही कुठंच चुकला नाहीत. आज लावा. आजची अंघोळ तुम्ही घाला."

अंगणातल्या सगळ्या हातांतले कोष थांबले. मला तर वाटलं उठून नाचावं.

"मला कुठं जमतं ते," तो पुटपुटला. "सगळे बघतायत."

"किडा न दुखवता उचलता येतो ना? तसंच. हात धुवा आधी."

व्यापाऱ्यासमोर नाही म्हणायची सोय राहिली नाही. त्यानं हात धुतले. उकिडवा बसला. सुनेनं पोर त्याच्या हातांवर ठेवली. याचे हात असे ताठ, जणू कुणी उकळतं पातेलं दिलंय. पोरीनं डोळे उघडून बापाकडे पाहिलं. त्यानं एका हातानं पाणी घातलं, मानेवर थोडं, छातीवर थोडं. मग पोटावरची ती कातडी त्याच्या बोटांखाली आली आणि त्याचा हात थांबला. मला वाटतं, त्यानं ती तेव्हाच पहिल्यांदा बघितली. खालचा ओठ हलला त्याचा. त्या क्षणी माणूस काहीतरी बोलणार होता, मी शपथेवर सांगते.

"चला मालक," व्यापाऱ्याच्या माणसानं हाक दिली. "काटा लावलाय. वजनाला उभे राहा."

तो लगेच उठला. इकडे तिकडे बघितलं आणि जे हात सगळ्यांत जवळ होते त्या हातांत ओली पोर दिली. "आई, धर जरा," म्हणाला आणि काट्याकडे गेला.

नाकवाली थिजली. पोरीच्या अंगावरचं पाणी तिच्या मनगटांवरून गळत होतं. "घे गं," ती सुनेला म्हणाली. "घे लवकर. माझ्या हातात नको."

सून उभीच राहिली. मला वाटलं, आता हिसकावून घेते. पण तिनं टॉवेल उचलला आणि सासूच्या मांडीवर पसरला.

"मानेखाली हात घाला," ती म्हणाली. "आता टिपून घ्या. घासायचं नाही, टिपायचं. वळ्यांमध्ये पाणी राहू द्यायचं नाही."

"आणि इथं?" नाकवालीनं पोटाकडे बोट दाखवलं.

"तिथंही टिपायचं."

"मग काय लावायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

नाकवालीनं टिपलं. हळूहळू, एकेक वळी उघडून, काखेत, मानेखाली, कानामागे. मग खाली वाकून पोरीच्या पोटाशी नाक नेलं आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. आम्ही सगळ्या बघत होतो. ती वर मान करून सुनेला म्हणाली, "चांगलाय गं वास," आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. सून तिच्या शेजारी बसली. तिलाही रडू येत होतं, पण ती पोरीच्या पायात कपडा घालत होती.

तेवढ्यात काट्यावरून हा परत आला, चेहरा उजळलेला. एवढं वजन या घरात कधी भरलं नव्हतं म्हणे. कपडे घातलेली पोर आजीच्या मांडीवर बघून त्याला फार बरं वाटलं.

"झाली ना अंघोळ?" तो म्हणाला. "मी म्हणत होतोच, हे आईलाच जमतं."

आम्ही पुन्हा जाळ्यांकडे वळलो. कोष सोडवायचे अजून पुष्कळ बाकी होते.